आकड्यांना आकार देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. रात्रीच्या वेळी हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून हळुवार पावलांनी फिरणारी सेवाव्रती स्त्री, हे त्यांचे चित्र शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्या मनावर ठसले आहे. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. युद्धभूमीवर नाइटिंगेल जेमतेम पावणेदोन वर्षे होत्या. त्यानंतर त्यांना ५४ वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातील कर्तृत्वाचा फार मोठा काळ त्यांनी आकड्यांच्या सहवासात काढला. सरकारी दप्तरात पडून असलेले मृत्यूंचे तक्ते त्यांनी बाहेर काढले, पारखले आणि एका दृष्टिक्षेपात उमगतील अशा रंगीत आकृत्यांत मांडले. त्या आकृत्यांनी एका साम्राज्याला आपल्या सैन्याच्या मृत्यूंचे खरे कारण पाहायला लावले.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. सधन इंग्रज कुटुंब प्रदीर्घ प्रवासावर असताना ही दुसरी मुलगी जन्मली आणि तिला जन्मगावाचेच नाव मिळाले. थोरली बहीण पार्थेनोपी नेपल्समध्ये जन्मली होती. तिचे नाव त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून ठेवलेले. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. मुलींना त्यांनी घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांना गणिताची विलक्षण ओढ होती. मुलीच्या जातीला इतक्या गणिताचा उपयोग काय, असा प्रश्न त्या काळच्या इंग्लंडमधील खानदानी घरांतही पडत असे, आणि नाइटिंगेल यांच्या आईलाही तो पडला. पण मुलीचा हट्ट कायम राहिला.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ च्या फेब्रुवारीत, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, अशी त्यांची दृढ भावना झाली. ही सेवा रुग्णशुश्रूषेची असावी, हे पुढे काही वर्षांत त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी रुग्णालयातील शुश्रूषेचे काम प्रतिष्ठित घरातील स्त्रीने करावे, ही कल्पनाच अशक्य कोटीतील होती. घरून कडाडून विरोध झाला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या कवी व संसद सदस्याने दीर्घकाळ त्यांची प्रतीक्षा केली होती. त्यांचा विवाहाचा प्रस्तावही फ्लॉरेन्स यांनी नाकारला. या घुसमटीच्या वर्षांत त्यांनी एक क्रम धरला होता. पहाटे, घर जागे होण्याआधी, मेणबत्तीच्या उजेडात त्या सार्वजनिक आरोग्याचे आणि रुग्णालयांचे सरकारी अहवाल वाचत आणि वह्यांमागून वह्या टिपणांनी भरत. पुढच्या आयुष्याची तयारी या वह्यांत होत होती.

१८५१ मध्ये जर्मनीतील कायझरस्वर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या.

पुढच्याच वर्षी ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला असे क्रिमियाचे युद्ध पेटले. तारायंत्रामुळे युद्धाच्या बातम्या लंडनला पूर्वीपेक्षा लवकर पोहोचू लागल्या होत्या. जखमी सैनिकांचे हाल वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच जनमत खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांचे पथक घेऊन नाइटिंगेल निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या किनाऱ्यावरील स्कुटारी येथे पोहोचल्या.

तुर्की सैन्याच्या एका अवाढव्य बराकीत तिथले मुख्य रुग्णालय थाटलेले होते. खाटा अपुऱ्या, कपडे अपुरे, भांडी अपुरी. इमारतीखालची गटारे तुंबलेली आणि त्यांची दुर्गंधी दालनांतून भरून राहिलेली. नाइटिंगेल यांनी स्वयंपाकघर उभारले, धुलाईची सोय केली आणि वर्गणीच्या पैशातून सामान आणवले. त्यांच्या शिस्तप्रिय बुद्धीला आणखी एक गोष्ट खटकली. कोण कधी दाखल झाला, कशाने मेला, याचा धड हिशेबच नव्हता. मृत्यूंच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत होत आणि एका वहीतील बेरीज दुसरीशी जुळत नसे. माणसे मरत होती आणि किती मरत होती हे सांगणारा एकही विश्वासार्ह कागद नव्हता. त्यांनी नोंदी सुधारण्याचा आग्रह धरला.

एवढे करूनही तो हिवाळा भीषण ठरला. १८५५ च्या जानेवारीत पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याची सरासरी संख्या ३२ हजारांच्या घरात होती. त्या एका महिन्यात साथीच्या आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१ सैनिक दगावले. जखमांनी दगावलेल्यांची संख्या होती ८३. फेब्रुवारीत स्कुटारीच्या रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयोगाचे पथक स्कुटारीत दाखल झाले. डॉ. जॉन सदरलँड त्याचे प्रमुख होते. पथकाने गटारे धुऊन काढली, कचऱ्याचे ढीग हलवले, मेलेली जनावरे पुरली, पाण्याची वाट स्वच्छ केली आणि दालनांत हवा खेळती केली. काही महिन्यांतच मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जूनपर्यंत ते शेकडा दोनच्या आसपास आले होते.

१८५६ च्या उन्हाळ्यात युद्ध संपल्यावर नाइटिंगेल मायदेशी परतल्या. तोवर त्या इंग्लंडच्या गळ्यातील ताईत झाल्या होत्या. सत्कार टाळण्यासाठी त्यांनी खोट्या नावाने प्रवास केला. सैन्याच्या आरोग्याची चौकशी व्हावी, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. त्याच सप्टेंबरात बालमोरल येथे राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन त्यांनी आपले म्हणणे मांडले. १८५७ मध्ये शाही आयोग नेमला गेला. स्त्री असल्यामुळे त्यांना त्यात सदस्यत्व मिळणे शक्यच नव्हते. पण अध्यक्षस्थानी सिडनी हर्बर्ट होते आणि पडद्याआडून आयोगाला माहिती पुरवण्याचे, साक्षीदारांसाठी प्रश्न तयार करण्याचे काम नाइटिंगेल करीत होत्या.

याच सुमारास त्यांची गाठ डॉ. विल्यम फार यांच्याशी पडली. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील हे नामांकित संख्याशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून युद्धातील मृत्यूंची आकडेवारी उलगडायला सुरुवात केली. युद्धातले बहुसंख्य सैनिक शत्रूच्या गोळ्यांनी मरण पावलेले नव्हते. त्यांना रोगांनी नेले होते, आणि त्यातले कित्येक रोग स्वच्छतेने टाळता आले असते, असा निष्कर्ष समोर आला. तो नाइटिंगेल यांना व्यक्तिशः फार जड गेला असावा, असे काही चरित्रकारांचे मत आहे. युद्धकाळात त्यांना वाटत होते, की अपुरे अन्न, थंडी आणि अतिश्रम यांनी खंगलेले सैनिक फार उशिरा रुग्णालयात आणले जातात, म्हणून ते दगावतात. स्कुटारीची इमारतच रोगाचे आगर बनली होती आणि उत्तम शुश्रूषा तिच्यापुढे हतबल होती, हे आकड्यांनी नंतर दाखवले. ज्या रुग्णालयाने त्यांना कीर्ती दिली, त्याच्याविरुद्धचा पुरावा त्यांच्याच टेबलावर तयार झाला होता. त्यांनी तो दडवला नाही.

दुसरी गोष्ट तर युद्धाशी संबंधितही नव्हती. शांततेच्या काळात, खुद्द इंग्लंडमधील बराकींत राहणाऱ्या सैनिकांचा मृत्युदर त्यांनी त्याच वयाच्या नागरिकांशी ताडून पाहिला. २० ते २५ वयोगटात हजारी ८.४ नागरिक मरत, तर सैनिक मरत १७. पुढच्या वयोगटांतही हीच तफावत. सैन्यात भरती होताना निवडून घेतलेले धडधाकट तरुण सामान्य माणसाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने मरत होते, तेही बंदुकीचा एकही बार न उडता.

आता प्रश्न होता, हे सांगायचे कुणाला आणि कसे? नाइटिंगेल यांनी सैन्याच्या आरोग्यावर लिहिलेला ग्रंथ आठशेहून अधिक पानांचा होता. १८५८ मध्ये तो खासगीरीत्या छापला गेला आणि मोजक्या लोकांच्या हाती पडला. शाही आयोगाच्या अहवालाला जोडलेली परिशिष्टे तक्त्यांनी खच्चून भरली होती. अशी परिशिष्टे शास्त्रज्ञांखेरीज कुणी उघडत नाही, हे नाइटिंगेल पुरते ओळखून होत्या. मंत्री, सेनापती आणि संसद सदस्य ही माणसे कामात गढलेली. आकड्यांच्या रांगा पाहिल्या की पान उलटणारी. जे कानांवाटे आणि शब्दांवाटे आत शिरत नाही ते डोळ्यांवाटे शिरवावे, असे त्यांनी ठरवले.

आकड्यांची चित्रे काढण्याची कल्पना नवी नव्हती. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्येच व्यापाराचे आकडे रेषांच्या आणि स्तंभांच्या आलेखांत मांडले होते. खुद्द फार यांनी पटकीच्या साथीवरील आपल्या १८५२ च्या अहवालात वर्तुळाकार आकृत्या वापरल्या होत्या. नाइटिंगेल यांचे वेगळेपण हेतूत होते. एका ठरावीक धोरणात बदल घडवण्यासाठी, ठरावीक माणसांच्या डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी त्यांनी आकृती योजली.

त्यांची सर्वांत गाजलेली आकृती एखाद्या फुलासारखी दिसते. वर्तुळाला बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळी एका महिन्याची. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेल्या मृत्यूंचा, लाल जखमांमुळे झालेल्या मृत्यूंचा आणि काळा इतर कारणांचा. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ हे पहिले वर्ष एका फुलात, त्यापुढचे वर्ष दुसऱ्यात. पहिल्या फुलात हिवाळ्याच्या निळ्या पाकळ्या कागदभर पसरलेल्या, आणि त्यांच्या पोटात मध्याशी लाल रंगाची चिमुकली पट्टी. दुसऱ्या फुलात स्वच्छतेची मोहीम सुरू झाल्यावर निळा रंग महिन्यामहिन्याने आक्रसत जातो. १८५६ च्या जानेवारीत सैन्य आधीच्या वर्षीपेक्षा मोठे असूनही रोगांचे बळी पन्नासच्याही आत आले होते. हे सारे समजण्यासाठी एकही बेरीज करावी लागत नव्हती.

हे चित्र पहिल्याच प्रयत्नात साधले नाही, आणि तो तपशील महत्त्वाचा आहे. आधीच्या आकृत्यांत मृत्यूदर केंद्रापासूनच्या लांबीने दाखवला होता. त्यांचा आकार वटवाघळाच्या पंखांसारखा दिसे. पण माणसाचा डोळा लांबीऐवजी रंगवलेले क्षेत्र पाहतो. लांबी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते आणि संकट आहे त्यापेक्षा मोठे भासते. ही चूक ध्यानात येताच तशी दुरुस्ती जोडण्यात आली आणि पुढच्या आकृत्यांत पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूच्या प्रमाणात आखले गेले. आपल्या बाजूने झुकणारी अतिशयोक्तीही त्यांनी चालू दिली नाही. विरोधकांना बोट ठेवायला जागा उरू नये, हा व्यवहारही त्यात होताच.

फार यांच्याशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला, पण या बाबतीत दोघांची प्रकृती निराळी. संख्याशास्त्र जितके कोरडे तितके चांगले, वाचकाच्या भावनांना हात घालणे हे त्याचे काम नव्हे, असे फार यांचे मत होते. आकडे गोळा करणाऱ्याने कारणांच्या भानगडीत पडू नये, असा त्यांचा सल्ला असे. नाइटिंगेल यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक आकडा हा एक गेलेला माणूस होता, आणि तो का गेला हे सांगता येत असताना गप्प राहणे हा अपराध होता.

या आकृत्या त्यांनी जाडजूड ग्रंथातून वेगळ्या काढल्या आणि १८५८ मध्ये छोट्या पुस्तिकेच्या रूपाने स्वतंत्रपणे छापून घेतल्या. ती राजघराण्याकडे, संसद सदस्यांकडे, लष्करी अधिकाऱ्यांकडे, डॉक्टरांकडे आणि वृत्तपत्रांकडे पाठवली. युद्धखात्याच्या भिंतींवर आकृत्या चौकटीत घालून लावाव्यात, अशीही त्यांची खटपट होती. प्रसिद्ध लेखिका हॅरिएट मार्टिनो यांनी याच सामग्रीच्या आधारे १८५९ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. जे ज्ञान सरकारी कपाटात कुलूपबंद होते, ते असे हातोहात फिरू लागले.

परिणाम दिसू लागला. बराकींची पाहणी झाली, हवा, पाणी आणि सांडपाणी यांची व्यवस्था सुधारली, लष्करी डॉक्टरांसाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि सैन्याच्या आरोग्याची आकडेवारी नियमितपणे ठेवण्याची यंत्रणा उभी राहिली. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने नाइटिंगेल यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

सगळेच प्रयत्न मात्र यशस्वी झाले नाहीत. प्रत्येक रुग्णालय रोगांची नावे आपापल्या पद्धतीने लिही, त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलनाच होत नसे. यासाठी त्यांनी एकसारखे नमुना तक्ते तयार केले. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने त्यांचे स्वागत केले, काही रुग्णालयांनी ते वापरलेही. पण भरायला किचकट म्हणून ते सार्वत्रिक झाले नाहीत. वाचणाऱ्यासाठी आकडे सोपे करणाऱ्या नाइटिंगेल लिहिणाऱ्यासाठी तितके सोपे तक्ते करू शकल्या नाहीत. १८६१ च्या जनगणनेत आजारपणाची आणि घरांच्या स्थितीची माहिती गोळा करावी, ही त्यांची सूचनाही फेटाळली गेली. त्याच वर्षी सिडनी हर्बर्ट यांचे निधन झाले आणि त्यांचा मोठाच आधार गेला. क्रिमियातील तापानंतर जडलेल्या दुखण्याने त्या स्वतः बहुतेक काळ अंथरुणाला खिळलेल्या होत्या. तरी त्याच खोलीतून पत्रे, अहवाल आणि तक्ते बाहेर पडतच राहिले.

त्यांच्या कामाचा पुढचा मोठा प्रांत होता हिंदुस्थान. इथे त्या कधीही आल्या नाहीत. १८५९ मध्ये हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेल यांनी प्रश्नावली तयार केली. ती इथल्या लष्करी ठाण्यांना पाठवण्यात आली आणि उत्तरांचे ढीग लंडनला जाऊन पडले. १८६३ चा अहवाल दोन अवाढव्य खंडांत निघाला. तो कोण वाचणार, हाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. नाइटिंगेल यांनी साऱ्या उत्तरांचे सार काही थोड्या पानांत, चित्रांसह मांडले. अहवालाच्या संक्षिप्त आवृत्तीतून ते वगळले गेले, तेव्हा त्यांनी ते वेगळे छापून वाटले. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दीर्घकाळ हजारी ६९ होता. तो १८ पर्यंत उतरल्याचे त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात नोंदवले.

सैनिकांपासून सुरू झालेला हा विचार तिथेच थांबला नाही. ज्या देशात रयत रोगराईने आणि उपासमारीने मरते, तिथे छावणीपुरती स्वच्छता टिकत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. मग दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी आणि खेड्यांतील पिण्याचे पाणी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांतील आरोग्याच्या प्रश्नावर त्यांनी पत्रांतून विचारविनिमय केला. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुण्या-मुंबईच्या मंडळींशी जोडलेला हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

राज्यकर्त्यांना आकडे वाचताच येत नाहीत, ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. विद्यापीठातून बाहेर पडून संसदेत आणि मंत्रिमंडळात जाणाऱ्या तरुणांना संख्याशास्त्र शिकवले पाहिजे, असे त्यांना वाटे. १८९१ मध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि बेंजामिन जोवेट यांच्यासह ऑक्सफर्डला या विषयाचे अध्यासन स्थापण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो सिद्धीस गेला नाही. आयुष्याच्या अखेरीस दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नाकारला. हँपशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिच्यावर नावाची फक्त आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरली आहेत.

आज संगणकाच्या पडद्यावर क्षणात आलेख उमटतो आणि साथीच्या काळात त्याच्या चढउतारावर घराघरांत चर्चा होते. २०२० मध्ये, नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे झाली त्याच वर्षी, साऱ्या जगाने ते अनुभवले. सरकारी माहितीचे डोंगर मात्र आजही वाचकाविना पडून राहतात, आणि चटकदार आलेखांनी दिशाभूलही सहज होते. अशा वेळी नाइटिंगेल यांची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी माहिती सोपी केली, ती प्रत्येकाच्या हाती पोहोचवली. पण आकृतीच्या सोबतीला मूळ तक्तेही छापले, म्हणजे ज्याला पडताळायचे त्याने पडताळावे. निळ्या रंगाने नजर वेधली आणि तक्त्यांनी तिचा विश्वास राखला. त्यांच्या हातातल्या दिव्याचा उजेड स्कुटारीच्या एका दालनापुरता होता. त्या दोन कागदी फुलांचा उजेड त्यांनी कधी न पाहिलेल्या देशांतील बराकींपर्यंत गेला.